माणिकप्पांनी रंगवलेलं दार

आमच्या ह्यांचा विश्वास जगात दोनच गोष्टींवर. एक कुलूप आणि दुसरे स्वतःचे डोळे. तिसरी मी, असं लग्नानंतर बरीच वर्षं मला वाटायचं. पण एकदा माहेराहून आले आणि स्टँडवर घ्यायला आलेल्या ह्यांनी माझी पिशवी हातात घेण्याआधी "तिकीट हाय ना?" असं विचारलं, तेव्हापासून मी तो गैरसमज सोडून दिला.

हे म्हणजे माणिकप्पा. एसटीत आधी कंडक्टर होते, नंतर वीस वर्षं तपासणी पथकात. रस्त्याच्या वळणावर लिंबाखाली जीप उभी करायची, येणाऱ्या गाडीला हात करायचा आणि आत चढून एकेकाचं तिकीट बघायचं, हे त्यांचं काम. ते म्हणायचे, तिकीट नसलेला माणूस तिकीट मागून कळत नाही, त्याच्या मानेवरून कळतो. खरा माणूस मान वर करून बघतो, खोटा खिडकीबाहेर शेतं बघत बसतो. नळेगावच्या रस्त्यावर त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला, मन्मथला, असाच मानेवरून धरला. "दाजी, मी हाय," म्हणून तो हसला. ह्यांनी पावतीपुस्तक काढलं. मन्मथ तीन दिवाळ्या आमच्याकडे आला नाही आणि ह्यांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

पण एक सांगायला हवं. ह्या माणसाने कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. आणि "वीस वर्षांत एक बी माणूस चुकीचा धरला न्हाई" हे वाक्य ते अंघोळीनंतर भस्म लावावं तसं रोज लावायचे. डेपोतले लोकही ते मान्य करायचे.

रिटायर झाल्यावर पथक घरी आलं. दूधवाल्याचं माप, गॅसवाल्याचा शिक्का, भाजीवालीचा अंगठा तराजूत कुठे आहे, सगळ्यावर ह्यांची नजर. मी देवाला नारळ फोडला तर दुसरी वाटी कुठे गेली, हेही. मी एकदा चिडून म्हटलं, "अवो, घर हाय हे, गाडी न्हाई." तर म्हणाले, "गाडीत निदान लोक उतरून तरी जात्यात."

त्यात तो दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली, ते साल. आमच्या उदगीरला नळ वीस-वीस दिवस यायचा नाही, बोअर कोरडे, आणि टँकरवाल्याला लोक मंत्र्यासारखा मान द्यायला लागले होते. आमची न्हाणी अंगणात, मागच्या खोल्यांच्या समोर, पश्चिमेकडे तोंड करून. तिच्यात दोन मोठे ड्रम भरून ठेवलेले असायचे आणि दाराला बाहेरून कडी, कोयंडा, कुलूप. किल्ली ह्यांच्या कमरेच्या करगोट्याला. मला हात धुवायचा तरी आधी नवरा उठवावा लागायचा.

आणि त्याच दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली. ही हवा आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी उठते, पण त्या वेळी जरा जोरात होती. प्यायला पाणी नाही आणि पारावर कलेक्टर ऑफिस कुठे होणार यावर भांडणं. ह्यांच्या डोक्यात आलं की जिल्हा झाला म्हणजे साहेबलोक येणार, साहेबांना घरं लागणार, तर आपल्या पुढच्या दोन खोल्या तयार पाहिजेत.

"पर साहेब ही दारं बघून परत जाईल," ते म्हणाले.

आमची लाकडाची दारं वाळवीने खाल्ली होती, म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी घरभर प्लास्टिकची बसवली होती. दोन खिडक्यांच्या चौकटीही प्लास्टिकच्याच. आणली तेव्हा पांढरी होती, आता पिवळट पडलेली. मला त्यांचं काही वाटत नव्हतं. ह्यांना मात्र अचानक ती स्टँडवरच्या मुतारीची दारं वाटायला लागली.

रंगाऱ्याला बोलवायचा प्रश्नच नव्हता, कारण रंगारी थिनर पळवतो. चौकातल्या व्यंकटरावांच्या दुकानातून ह्यांनी स्वतः सामान आणलं. तीन दिवस अंगणात पथकाची कामगिरी चालली होती. पहिल्या दिवशी पॉलिशपेपर. प्लास्टिक इतकं गुळगुळीत की रंग धरत नाही, म्हणून ते घासून घासून खडबडीत करायचं. ह्यांच्या भुवया, मिशा, सगळं पांढरं झालं होतं. मग थिनरच्या फडक्याने पुसणं, मग प्रायमर, मग तपकिरी ऑइलपेंट. तपकिरी रंग ह्यांना फिका वाटला. जुनं सागवान काळपट असतं म्हणून त्यांनी त्यात काळ्याची अख्खी डबी ओतली. शेवटी माझी फणी घेतली, तिचे एकाआड एक दात मोडले आणि ओल्या रंगावरून ती वरून खाली ओढत नेली. मध्ये मनगट जरा वळवायचं, की लाकडाला असते तशी गाठ उठायची.

खोटं कशाला बोलू, दारं देखणी झाली. शेजारच्या केवळाबाईने बोट लावून विचारलं, "सागवानी हाय का हो?" त्या दिवशी हे दोन भाकरी जास्त जेवले. आयुष्यभर लोकांचं खोटं पकडणाऱ्या माणसाला स्वतःचं एक खोटं इतकं आवडलेलं बघून मला हसू येत होतं. हा रविवार.

आता पंचफुलाबद्दल सांगते. तिच्याशिवाय ही गोष्ट सांगायचं मला काही कारणच नाही.

पंचफुला सरकारी दवाखान्यात नर्स. नवरा बिलोलीकडे शाळेवर, मुलगी नांदेडला शिकायला, आणि ही नोकरीपायी इथे एकटी. आमच्या मागच्या खोलीत चार वर्षांपासून राहत होती. तिच्या खोलीच्या तीन पायऱ्या आमच्या अंगणात उतरायच्या, न्हाणीच्या बरोबर समोर. गल्ली तिला सिस्टर म्हणायची. आमच्याकडे येण्याआधी चार घरांत तिला खोली मिळाली नव्हती. आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. ह्यांनी मात्र नाव विचारलं, नोकरी विचारली आणि किल्ली दिली. नंतर येईल त्याला सांगायचे, "आम्ही असलं काही पाळत न्हाई. आमच्या बसवण्णांनीच सांगितलंय." इतक्यांदा सांगायचे की कधी कधी ते तिच्यासमोरच सांगितलं जायचं आणि ती पायरीवर तांदूळ निवडत खाली बघत राहायची. मला त्यात काही खटकायचं नाही. उलट अभिमान वाटायचा.

माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर रोज ड्युटीवरून आली की आधी माझी जखम बघायची, मग स्वतःचा गॅस पेटवायची. बुद्धपौर्णिमेला तिची खीर आमच्याकडे, संक्रांतीला आमच्या पोळ्या तिच्याकडे. मला बहीण नाही. तिने "अक्का" म्हटलं की मला बरं वाटायचं, इतकं साधं होतं ते.

सोमवारी दुपारी झोपून उठल्यावर हे न्हाणीकडे गेले आणि तिथूनच ओरडले, "बसम्मा, इकडं ये!"

मी गेले. दाराला मधोमध पोट सुटलं होतं. कडीजवळ दार आणि चौकट यांत दोन बोटं जातील एवढी फट. कोयंड्याचा एक स्क्रू अर्धा बाहेर आलेला. कुणीतरी फटीत पहार घालून रेटलं असावं, तसं.

ह्यांनी कुलूप काढून आत बघितलं. ड्रम काठोकाठ होते.

"पाणी तर हाय की," मी म्हटलं.

"म्हणजे अजून चाचपून बघायलाय," हे म्हणाले. "हुशार हाय."

अंधार पडायच्या सुमाराला हे पुन्हा गेले, तर दार सरळ. फट नाही, पोट नाही. मला वाटलं, झालं, भास होता. ह्यांना वाटलं, चोराने आपण चहा पीत असताना येऊन पुरावा मिटवला.

मंगळवारी तेच झालं, बुधवारीही तेच. दुपारी फट, संध्याकाळी सरळ. ह्यांनी टँकरवाल्यापासून सुरुवात केली, पण टँकर त्या आठवड्यात आलाच नव्हता. गल्लीतली दोन-चार नावं घेतली, पण अंगणाचा दरवाजा आतून बंद असायचा. मग त्यांचा आवाज खाली आला.

"सिस्टरची ड्युटी कधी बदलली?"

"सोमवारपासून रात्रपाळी लागलीय. का?"

"म्हणजे सोमवारपासून ती दिवसा घरी हाय." न्हाणीकडे बघत म्हणाले, "आन दार बी सोमवारपासूनच."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज बरोबर सुचतं. तेव्हा मी म्हटलं, "गप बसा, ऐकू जाईल तिला."

गुरुवारी ह्यांनी सापळा लावला. माझ्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा कडीपासून चौकटीतल्या खिळ्यापर्यंत ताणून बांधला. हात लावल्याशिवाय तुटणार नाही असा. चार वाजता दोरा तुटलेला. ह्यांचा चेहरा बघितला आणि मला गाडीत चढणारे माणिकप्पा दिसले. केवळाबाई नेमकी आमच्या अंगणात पापड उचलत होती, तिच्यासमोरच त्यांनी हाक मारली.

"सिस्टर!"

रात्रभर जागून आलेली पंचफुला झोपेतून उठून पायरीवर आली. केस सुटलेले, डोळे लाल.

"दुपारी न्हाणीच्या दाराला हात लावला का?"

तिला आधी कळलंच नाही. "कोणी? मी?"

"फक्त विचारायलोय. दोरा तुटलाय."

तिने दाराकडे बघितलं, मग दोऱ्याकडे, मग केवळाबाईकडे. एकेक करून तिला सगळं कळत गेलं, ते मी उभी राहून बघितलं.

"अप्पा, मला पाणी पाहिजे असतं तर मी मागितलं असतं."

"सध्या मागून कोण देतंय?" हे म्हणाले.

"मग माझी खोली बघा," ती म्हणाली. "बघाच."

माझी खात्री होती की हे नाही जाणार. पण ह्यांनी चप्पल पायरीपाशी काढली आणि आत गेले. वीस वर्षांची सवय. आत तिचा निळा ड्रम होता, निम्मा भरलेला. कोपऱ्यात दोन कळशा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलीचा शाळेतला फोटो. ह्यांनी ड्रमचं झाकण उचललं, आत वाकून बघितलं, कळशा हलवून बघितल्या. पंचफुला बाहेर उभी होती, स्वतःच्याच खोलीच्या बाहेर, परवानगीसाठी थांबल्यासारखी. केवळाबाई पापड तसेच टाकून बघत होती. आणि मी दारात उभी होते. "या बाहेर" हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. त्याची लाज मला अजून वाटते.

काही सापडलं नाही. हे बाहेर येऊन म्हणाले, "ठीक हाय. तपासणी म्हणजे काय आरोप न्हाई." गाडीत ते असंच म्हणायचे.

शुक्रवारी पंचफुला सकाळी ड्युटीवरून आली, तोंड धुतलं आणि न झोपताच बाहेर गेली, ती दिवे लागल्यावर परत आली. डेपोच्या मागे खोली मिळालीय, रविवारी जाते, एवढंच माझ्याशी बोलली. "अक्का" म्हणाली नाही.

पण शुक्रवारी ती दिवसभर घरी नव्हती आणि दुपारी दाराला पोट सुटलेलंच होतं. फट दोन बोटांची, तशीच.

हे बघून ह्यांची जेवणावरची वासना गेली. शनिवारी ते दुपारी झोपले नाहीत. अंगणात वाळत घातलेल्या सतरंजीमागे पाट टाकून बसले, हातात एसटीने निरोप समारंभात दिलेलं घड्याळ. मी म्हटलं, ऊन लागेल, तर तोंडावर बोट ठेवलं. एक वाजला. दीड वाजला. ऊन न्हाणीच्या दारावर आलं. पंचफुला आत भांडी बांधत होती, तिचा आवाज येत होता. दोनच्या पुढे ह्यांनी मला नुसत्या हाताने बोलावलं.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. आणि दार हलत होतं. हलत म्हणजे असं दिसत नव्हतं, पण नजर काढून पुन्हा लावली की पोट जरा पुढे आलेलं दिसायचं. मग टक् असा आवाज झाला आणि कोयंड्याचा स्क्रू एक आटा बाहेर आला. हे उठले, दाराला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तो काळपट सागवानी रंग तव्यासारखा तापला होता. आतून दार ड्रमच्या गारव्यात, बाहेरून असं. प्लास्टिक उन्हाच्या बाजूने फुगत होतं आणि ऊन गेलं की आपोआप सरळ होत होतं. पांढरं होतं तोवर पाच-सहा उन्हाळ्यांत त्याला काही झालं नव्हतं. पुढच्या दारांवर सावली, म्हणून ती शहाण्यासारखी उभी.

तरी हे खात्री करायला व्यंकटरावांच्या दुकानात जाऊन आले. व्यंकटराव म्हणे हसले. "प्लास्टिकवर एवढा काळा रंग, ते बी या उन्हात? अप्पा, मला विचारायचं होतं की."

त्या संध्याकाळी हे दुकानातून आले ते थेट अंगणात. पाटावर बसून राहिले. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. एकदाच म्हणाले, "मी चुकीचा माणूस धरला, बसम्मा." मला त्यांची दया आली आणि त्या दयेचा रागही आला. कारण धरली गेली होती ती बाई भिंतीच्या पलीकडे स्वतःचं सामान बांधत होती.

रविवारी सकाळी तिची रिक्षा आली. निळा ड्रम, गॅस, तसबिरी चादरीत गुंडाळून. हे अंगणात गेले. इतकी वर्षं मी ह्यांना बघतेय, पण मान खाली घालून कुणाशी बोलताना पहिल्यांदा बघितलं.

"सिस्टर, दारच वाकतंय. उन्हानं. माणसाचा हात न्हाई. मीच रंग चुकीचा दिला." मग म्हणाले, "मी केवळाबाईला बी सांगितलं, समद्या गल्लीला सांगतो. तुम्ही जाऊ नका."

पंचफुलाने शांतपणे ऐकून घेतलं. ती रागात नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला वाटतं.

"दार वाकलं हे बरं झालं कळलं," ती म्हणाली. "पण अप्पा, एक विचारू? ह्या अंगणात तीन माणसं. गल्लीत चाळीस घरं. सगळ्यांत आधी तुमच्या मनात माझं नाव का आलं?"

"आधी टँकरवाला आला होता," हे म्हणाले. खरं तेच सांगायची सवय. "मग गल्ली."

"तोंडात," ती म्हणाली. "मी मनाचं विचारतेय."

वीस वर्षं लोकांच्या माना वाचणारा हा माणूस अंगणातल्या फरशीकडे बघत उभा राहिला. 'आम्ही असलं काही पाळत न्हाई' हे वाक्य त्या दिवशी त्यांनी उच्चारलं नाही. पुन्हा कधीच उच्चारलं नाही.

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"अक्का, तुमच्या मनात नव्हतं ना आलं?"

"न्हाई गं," मी लगेच म्हटलं. "माझ्या मनात कसं येईल?"

तिने माझ्या हातात किल्ली दिली, माझा हात क्षणभर दाबला आणि रिक्षात बसली. वळणापर्यंत तिने मागे बघितलं नाही. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला होता, हे मला त्या हात दाबण्यावरून कळलं.

त्या पहिल्या सोमवारी ह्यांनी ओरडून मला बोलावलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत अंगणात आले होते. दाराची फट दिसली. चोरीबद्दल ह्यांच्या तोंडातून अजून एक शब्दही निघाला नव्हता. आणि मी वळून आधी पंचफुलाच्या पायऱ्यांकडे बघितलं होतं.